चुलीचा हट्ट

नागपुरातून वर्धा रोडने निघा नाहीतर अमरावती रोडने, शहर संपता संपता पाट्या सुरू होतात: चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकर, चुलीवरचा चहासुद्धा. ज्या पिढीने घरातली चूल विझावी म्हणून गॅसच्या नंबराची वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिचीच नातवंडं आता चुलीवरच्या जेवणाला जास्तीचे पैसे मोजतात. यात शहाणं कोण आणि खुळं कोण, हा वाद दिवाळीनंतर आमच्या घरात पेटला. दादाने काटोल रोडकडच्या एका ले-आऊटमध्ये घर बांधलं, मागे चांगली मोकळी जागा सुटली आणि तिथे चूल घालायची असं त्याने जाहीर करून टाकलं. विरोध आला तो आत्याकडून. भिवापूरकडच्या सासरी तिचं अर्धं आयुष्य चुलीसमोर गेलंय, त्यामुळे तिचा विरोध कोणी हलक्यात घेतला नाही. दादा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे तोही गप्प बसला नाही. मी मधे बसून ऐकत होते. आत्याची भाषा जशीच्या तशी ठेवली आहे. मी ती सुधारली असती तर तिने मला सुधारलं असतं.

दादा : आत्या, चुलीवरच्या वरणाची चव गॅसला नाही, हे तूच म्हणायचीस.

आत्या : म्हणत असन. जेवणारे म्हणत, मी मान हलवत होती. पण मले एक सांग बाबू, वरणावर झाकण राहते का नाही?

दादा : राहते.

आत्या : मंग धूर आत शिरते कुठून?

दादा जरा अडखळला. मग त्याने रसायनशास्त्र काढलं. लाकडात लिग्निन असतं, ते तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल धुरात उतरतात, आपण धुरकट वास म्हणतो तो त्यांचाच. आत्याने ते नीट ऐकून घेतलं आणि मान्यही केलं, पण उघड्यावर भाजायच्या वस्तूंपुरतं. निखाऱ्यावरचं भरताचं वांगं, गोवऱ्यांच्या आरात पुरलेले रोडगे, पापड, कणीस यांना तो वास लागतो. झाकणाखाली शिजणाऱ्या वरणाला, भाताला, मटणाला लागतो तो नावापुरता.

आत्या : वरण गोड लागे कारण ते दोन घंटे मंद आचेवर शिजे, मसाला पाट्यावर वाटलेला राहे अन् जेवणारे वावरातून भुकेले येत. यातलं काय गॅसवर होत नाही? भूक सोडून.

दादा : लांब पोळी होत नाही.

यावर आत्या हसली. लांब पोळी म्हणजे बाहेरगावचे लोक जिला मटका रोटी म्हणतात ती. गव्हाचं पीठ मिठाच्या पाण्यात इतकं सैल भिजवायचं आणि आपटून आपटून त्याला अशी तार आणायची की गोळा तळव्यावर घेतला की आपल्याच वजनाने कोपराकडे ओघळायला लागतो. या हातावरून त्या हातावर झेलत तो हातभर लांब होतो. चुलीवर माठ पालथा घातलेला असतो. त्याच्या तापलेल्या पाठीवर ती पोळी एका झटक्यात पसरायची. झटका चुकला की घडी पडते, आणि घडी पडलेली लांब पोळी फक्त घरातल्यांनीच खायची असते. माठाची पाठ सगळीकडून सारखी तापलेली हवी. गॅसच्या बर्नरची आच एका कड्यात फिरते. माठाला लागतो तो आतून पसरलेला जाळ.

आत्या : हे खरं. लांब पोळीले चूलच पायजे. पण वर्षातून किती खेपा करशीन? अन् पीठ कोण भिजवीन?

दादा : मी.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. घर त्याचं होतं.

दादा : बरं, चव सोड. लाकूड फुकट आहे, हे तरी मानशील? आपल्या शेताच्या धुऱ्यावर बाभळी आहेत, त्या छाटाव्याच लागतात. संत्र्याची म्हातारी झाडं निघतात. तुराट्या, पऱ्हाट्या तर पेटवूनच देतात लोक. आणि गॅस? देशात लागतो त्याच्या निम्म्याहून जास्त जहाजाने बाहेरून येतो. तिकडे आखातात काही खुट्ट झालं की इथल्या शेगडीला कळतं. चूल असली की माणूस अडून राहत नाही.

आत्या : अडीअडचणीले चूल पायजे, त्याले माझी ना नाही. पण फुकट म्हणू नको. तू शिकलेला आहेस ना, हिशेब करून पाय.

हिशेब दादानेच केला. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 650 मेगाजूल उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली साठ टक्के धरली तरी भांड्याला 390 मेगाजूल मिळतात. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात 15 मेगाजूलच्या आसपास उष्णता असते, पण साध्या मातीच्या चुलीत तिच्यातली 10 ते 15 टक्केच भांड्यापर्यंत पोचते. बाकीची बाजूने, तोंडातून आणि धुराबरोबर जाते. म्हणजे एका सिलिंडरच्या बदल्यात दोन क्विंटलच्या आसपास लाकूड. चूल सुधारली आणि 25 टक्के उष्णता भांड्याला लागली, तर एक क्विंटल.

आत्या : दोन क्विंटल म्हणजे डोक्यावरच्या नऊ-दहा मोळ्या. एका सिलिंडरपायी. त्या आमी वाह्यल्या म्हणून घरच्या माणसायले फुकट वाटल्या.

विदर्भात या वाक्याला आणखी एक टोक आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या चंद्रपूरकडच्या पट्ट्यात सरपण, मोहफुलं, तेंदूपत्ता यांसाठी जंगलात गेलेल्या बायका-माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या दरसाल येतात. खाली वाकून काम करणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं वनखात्यातली माणसं सांगतात. राज्य सरकारने 2015 मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली आणि अभयारण्यांलगतच्या गावांना सवलतीत गॅस दिला, त्यामागे झाडांइतकीच ही माणसंही होती. काटोल रोडच्या ले-आऊटमध्ये वाघ येणार नाही हे कबूल. पण ‘लाकूड फुकट असतं’ हे वाक्य कुठून आलं ते यातून कळतं.

पऱ्हाट्यांना तर आत्याने एका दमात निकालात काढलं. कापसाच्या त्या काटक्या भसकन पेटतात आणि विझतात. तव्यावर भाकर असेल तर एक माणूस नुसतं सरपण घालायला बसवावं लागतं. शिवाय 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हापासून शेतकऱ्यांना सांगणं एकच: पऱ्हाटीच्या गंजी घराशेजारी, धुऱ्यावर रचून ठेवू नका, उरलेल्या बोंडांत अळीचे कोष राहतात आणि पुढच्या पिकावर उतरतात. इंधन म्हणून वर्षभर गंजी राखायची जुनी सवय इथे उलटते.

दादा : ठीक. बाभूळच वापरू. स्वयंपाकघराच्या मागे युटिलिटी आहे ना, वर स्लॅब आहे, पावसातही चालेल. तिथे घालू चूल.

आत्या : काहून? जीव नको झाला का बायकोले?

इथे आत्याचा आवाज चढला, आणि मला वाटतं वादातला सगळ्यात मोलाचा मुद्दा तिने इथेच मांडला. तिच्या सासरच्या घरावर कवेलू होते. छप्पर मधे उंच, कवेलूंना फटी, भिंत आणि छपराच्या मधे हातभर जागा मोकळी. धूर वर चढे आणि फटींतून बाहेर पडे. सकाळी लांबून पाहिलं तर सगळं घरच वाफाळल्यासारखं दिसे. वासे काळे होत आणि त्या काजळीने किडीपासून टिकत. तरीही डोळे चुरचुरतच. आता तीच चूल दहा फुटांवरच्या सिमेंटच्या स्लॅबखाली आणली, तर धूर छताला लागून खाली वळतो आणि बसलेल्या बाईच्या तोंडाशी येतो. जुन्या माणसांनी चूल वापरली आणि ती ठणठणीत राहिली, असं सांगणाऱ्यांनी त्यांच्या घराचं छप्पर काय होतं तेही सांगावं. आणि ठणठणीत राहिली होती का, तेही.

दादा : पण उघड्यावर असली तर धुराचा एवढा त्रास नाही ना?

आत्या : कमी. नाही असं नाही. माही सासू शेवटी शेवटी पाच पावलं चालली का दम खात बसे. बिडी कधी ओढली नाही तिनं. डॉक्टर विचारे, आजी बिडी ओढता का? ती म्हणे, चूल फुंकते.

चुलीच्या धुरातले कण मोजायला किर्क स्मिथ नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ 1980 च्या सुरुवातीलाच गुजरातच्या खेड्यांत आला होता. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं बांधून त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी मोजणी केली, आणि घरातला धूर हा कारखान्याच्या धुराइतकाच गंभीर विषय आहे हे जगाला पटवायला त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर 32 लाख माणसं गेली. लहान मुलांचा न्यूमोनिया, फुप्फुसांचा दमा, हृदयविकार, मोतीबिंदू असा त्याचा पसारा आहे. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, गॅस गावोगाव पोचला. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं देशात 58.6 टक्के निघाली. उरलेल्यांत हौस नाही.

दादा : मग धुराड्याची चूल घालू. नाहीतर तयार घेऊ. आपल्या नागपुरातच नीरी ही पर्यावरणाची संशोधन संस्था आहे, 1958 पासून. त्यांनी ‘नीरधूर’ नावाची चूल बनवली आहे; लाकूड, गोवऱ्या, कोळसा काहीही चालतं. भारतीय मानक ब्यूरोचं मानकही आहे. पंख्याशिवायच्या चुलीची कार्यक्षमता निदान 25 टक्के हवी आणि पंख्याच्या चुलीची 35.

आत्या : घे ना. पण धुराडं साफ कोण करीन? आमच्या घरी होतं धुराडं. पहिल्या वर्षी लई भारी. मंग काजळीनं पाइप बुजला, कोणी वर चढलं नाही, धूर पुन्हा घरातच. अन् पाइपातली काजळी एक दिवस पेटली, तं कवेलूखालचा वासा जळता जळता राह्यला.

दादा याला दुजोरा द्यायला नाखूष होता, पण त्याने वाचलेलं प्रामाणिकपणे सांगितलं. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या गावांत सुधारित चुली दिलेल्या घरांचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे फरक पुसट होत गेला, कारण चुलींची देखभाल झाली नाही आणि लोक त्या नेमाने वापरेनात. प्रयोगशाळेत चूल जळते ती वाळलेल्या, सारख्या कापलेल्या लाकडावर, आणि तिच्यापुढे बसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. घरात तिच्यापुढच्या बाईला एक पोर रडत असतं आणि एक माणूस चहा मागत असतो.

आत्या : म्हणून सांगते, चुलीले अक्कल नसते. लाकडाले अन् बसणाऱ्याले लागते.

इथून पुढे वादाचा सूर बदलला. विरोध करता करता आत्या शिकवायला लागली, आणि दादा वाद घालता घालता वहीत लिहून घ्यायला लागला.

आत्या : पहिले लाकूड. ओलं लाकूड जाळणं म्हणजे पाणी उकळाले चूल पेटवणं. दोन तुकडे एकमेकांवर ठोकून पाय. वाळलेलं असन तं खणकन वाजते, ओलं असन तं भद्द. टोकाले भेगा पडल्या पायजे. साल हातानं सुटली पायजे.

दादा : ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, बरोबर. एक किलो पाण्याची नुसती वाफ करायला सव्वादोन मेगाजूल जातात. आणि त्या वाफेने जाळ थंड पडतो, हे त्याहून वाईट.

आत्या : हो ना, अन् थंड जाळ म्हणजे धूर.

धुराचं गणित दादाने उलगडून सांगितलं ते मला आवडलं. लाकूड थेट जळतच नाही. ते तापलं की त्यातून वायू सुटतात. वजनाने पाहिलं तर वाळलेल्या लाकडाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग असा वायू होऊनच बाहेर पडतो. जाळ दिसतो तो त्या वायूंचा. शेवटी उरतो तो कोळसा, आणि तो निखारा होऊन शांतपणे जळतो. आता वायूंना पुरेशी हवा नाही मिळाली किंवा पुरेशी उष्णता नाही मिळाली, तर ते न जळताच वर निघून जातात. तोच धूर. म्हणजे डोळ्यांत जाणारा धूर हे आपण वाहून आणलेलं, वाळवलेलं, फोडलेलं लाकूडच असतं, फक्त न वापरता सोडून दिलेलं.

आत्या : म्हणून चुलीचं तोंड लाकडानं ठासून भराचं नाही. नवीन सुना हेच करतात. अंगठ्याएवढी, फार तं दोन अंगठ्यायएवढी जाड फोड. तीन-चार बस. टोकं आत एकमेकायले भिडलेली, मागं हवेले जागा. जळलं तसं पुढं सरकवाचं. फुंकणी सारखी लागून राह्यली, तं समजाचं लाकूड ओलं आहे नाहीतं हवा कोंडली आहे.

दादा : आणि खाली लोखंडी जाळी टाकली तर? लाकूड जाळीवर, राख खाली, हवा खालून वर.

आत्या : टाक. आमच्यावेळी नव्हती. पण राख रोज काढ, नाहीतं जाळी असून नसल्यासारखी.

चुलीच्या मातीवर मात्र दोघांचं जुळलं, आणि तेही वेगवेगळ्या वाटेने. आत्या मातीत धानाचा कोंडा आणि शेण कालवत असे, भेगा पडू नयेत म्हणून. दादाचं म्हणणं, नुसती जाड माती उष्णता पिऊन घेते. अर्ध्या तासाचा स्वयंपाक असेल तर भांडं तापायच्या आधी चूल तापते. कोंडा जळून मातीत बारीक पोकळ्या राहिल्या की तीच माती उष्णता अडवायला लागते. लॅरी विनिआर्स्की या अमेरिकन माणसाने 1980 च्या दशकात ‘रॉकेट’ चूल काढली तिचं तत्त्व हेच: उभी, अरुंद, बाजूंनी उष्णता न पिणारी नळी, म्हणजे आतला जाळ कडक राहतो आणि वायू वर पोचेपर्यंत जळून जातात. आत्याला विनिआर्स्कीचं फारसं कौतुक वाटलं नाही. तिने विचारलं, त्याच्या चुलीवर माठ बसते का? बसत नाही. वैल असते का? नसतो.

वैलाची बाजू तिने जोरात मांडली. मुख्य चुलीतून निसटणारा जाळ आतल्या वाटेने शेजारच्या वैलाखाली जातो. त्यावर दूध तापतं, भात मुरतो, पाणी कोमट राहतं. फक्त ती वाट मनगटापेक्षा रुंद ठेवायची नाही, नाहीतर वैल उकळतो आणि चूल उपाशी. भांडं आणि चुलीचा काठ यांत अंतर बोटभर. जास्त ठेवलं तर जाळ कडेने वर पळतो. जाळ बुडाला लागला पाहिजे, कानाला नाही. डाळ भिजवलेली, झाकण घातलेलं. आणि खरं सांगायचं तर कुकर चुलीवरही बसतो, यात कमीपणा नाही. हे शेवटचं आत्याचंच म्हणणं. दादाला ते फारसं रुचलं नाही, कारण फोटोत कुकर चांगला दिसत नाही.

दादा : आता धोक्याचं सांग. पोरं असतात घरात.

आत्या : तोच तं मुद्दा आहे. पोरायले गॅस दिसत नाही, ओट्यावर राहते. चूल त्यायच्या गुडघ्याशी. दगडाची ओळ घाल चौफेर, अन् त्याच्या आत पोराले पाय ठेवू देऊ नको. रातच्याले निखारे राखेत झाकतात ना, सकाळी पुन्हा पेटवाले, ती राख वरून पाह्यली तं गार. आत विस्तव राहते दुसऱ्या दिवसापर्यंत. आमच्या नणंदेच्या पोरानं त्यातच पाय दिला होता.

दादा : मग काय केलं?

आत्या : हळद लावली. अन् चुकलं आमचं.

भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरायचं. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ काही नाही. राख काढायची ती पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर नाही. नागपूरचं मे महिन्यातलं वारं आणि 45 अंशांचं ऊन अशा एका ठिणगीची वाटच पाहत असतं. पेटवायला रॉकेल नको, पेटलेल्यावर तर कधीच नको. सुताराकडची फेकलेली प्लायवूडची, रंगवलेली, सनमायका लावलेली फळी नको. तिच्यातला चिकटवायचा डिंक आणि रंग जळून जे निघतं ते लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. नदीतले गोटे चुलीला लावू नयेत, आतली ओल तापून ते फुटतात. आणि सिलिंडर चुलीच्या आसपास नाही: हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरत जातो आणि चुलीचा जाळ जमिनीलगतच असतो. आत्याने यात एकच भर घातली. चुलीपुढे नायलॉनची साडी नको, आणि दादा बसणार असेल तर त्याचा तो ट्रॅकसूटही नको.

मग थंडीचा विषय निघाला. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर आला होता. दादाच्या मनात असं की रात्री चुलीतले निखारे शेगडीत भरून खोलीत ठेवायचे.

आत्या : नाही. हे अजिबात नाही.

दादा : निखाऱ्याला धूर नसतो, आत्या.

आत्या : म्हणूनच नाही.

या वेळी आत्याला रसायन माहीत नव्हतं आणि दादाला होतं, पण आठवलं उशिरा. निखारा जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. बंद खोलीत माणूस झोपेतच राहतो. धूर निदान खोकून उठवतो तरी. दरवर्षी हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे एखादं कुटुंब असं जातं. शेगडी शेकायची तर अंगणात, आणि झोपायच्या आधी बाहेरच विझवून.

ले-आऊटमधल्या शेजाऱ्यांचा मुद्दा माझा होता. हिवाळ्याच्या संध्याकाळी थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर चढत नाही. तो शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांतून फिरतो. चूल पेटवायचीच तर दुपारी, वारा असताना. आंघोळीचं पाणी मात्र आत्या आणि दादा दोघांनीही चुलीवरून काढून टाकलं. आत्याला तांब्याचा बंब आठवला: मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वर धुराडं, त्यामुळे उष्णता बाजूंनी पळायला वाटच नाही. दादा त्या रचनेवर खूश झाला. पण छतावर सोलर बसवणार आहेस ना, मग बंब पावसाळ्यातल्या झाकोळलेल्या आठवड्यापुरता ठेव, असं तिने सुचवलं.

शेवटी जागा ठरली: परसात, भिंतीपासून दोन हात लांब, वर पत्र्याचं उंच छप्पर, बाजू उघड्या. चूल मातीची, कोंड्याची, खाली जाळी, शेजारी वैल. रोजचा स्वयंपाक गॅसवर. कोणती माती, हे अजून ठरायचं होतं, पण दादाला घाई होती. धुऱ्यावरची बाभूळ त्याने आठ दिवसांपूर्वीच तोडून आणली होती आणि पुढच्या रविवारी ऑफिसातल्या मंडळींना चुलीवरच्या मटणाचं आमंत्रण देऊन बसला होता.

आत्या : आठ दिवसांची बाभूळ? तिले फोडून, आडवी-उभी रचून, वर पत्रा टाकून ठेव. होळीपर्यंत हात लावू नको. उन्हाळा खाल्ला तं अजून चांगली.

दादा : आणि रविवारी?

आत्या : गॅसवर कर. मंद आचेवर, तीन घंटे. मसाला मी पाट्यावर वाटून देते. मटण घरात चुलीवर केलं म्हणून सांग.

दादा : कळेल त्यांना.

आत्या : शंभर रुपये लाव.